मूळ प्रत कोणाची?

एखाद्या संस्थेची स्मरणिका चार जण मिळून तयार करत आहेत, असे समजा. पहिल्या दिवशी मजकुराची एकच फाइल असते. पंधरा दिवसांनी ‘अंतिम’, ‘अंतिम २’, ‘अंतिम दुरुस्त’, ‘हीच छापायची’ अशा नावांच्या फाइली चार संगणकांवर पसरलेल्या असतात. एकाने अध्यक्षांच्या मनोगतातल्या चुका सुधारलेल्या असतात, दुसऱ्याने जुन्याच फाइलीत देणगीदारांची यादी वाढवलेली असते आणि छापखान्यात जाते ती तिसरीच फाइल. स्मरणिका हाती पडते तेव्हा मनोगतात जुन्या चुका तशाच असतात, आणि कोणाचे चुकले हे कोणालाच सांगता येत नाही.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांपुढे हा प्रश्न गेली पन्नास वर्षे आहे. तिथे मजकूर लाखो ओळींचा, लिहिणारे हजारो आणि एका चिन्हाची चूकही महागात पडणारी. या प्रश्नावर त्यांनी जी साधने घडवली, त्यांतले आज सर्वाधिक वापरले जाणारे साधन म्हणजे ‘गिट’. गिटविषयी तांत्रिक पुस्तके पुष्कळ आहेत. या लेखात मला वेगळ्या गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. साधन हाती आल्यानंतरही एक निर्णय उरतोच : अनेकांच्या अनेक प्रतींपैकी मूळ कोणती मानायची, आणि तिच्यात भर घालण्याचा अधिकार कोणाला द्यायचा? हा निर्णय यंत्र घेत नाही. तो माणसांनी घ्यायचा असतो, आणि कामाचे ओझे कोणाच्या खांद्यावर पडणार हे त्यावरून ठरते.

कुलूप, मध्यवर्ती वही, प्रत्येकाची प्रत

१९७२ मध्ये बेल प्रयोगशाळेत मार्क रॉशकाइंड यांनी ‘एससीसीएस’ नावाची प्रणाली लिहिली. फाइलीत झालेला प्रत्येक बदल जपून ठेवणारी ही पहिली महत्त्वाची प्रणाली. १९८२ मध्ये वॉल्टर टिकी यांची ‘आरसीएस’ आली. या दोहोंमध्ये शिस्त साधी होती. फाइल दुरुस्त करायची तर तिला आपले कुलूप लावायचे, काम झाले की काढायचे. तोवर बाकीच्यांनी थांबायचे. ग्रंथालयातला एकुलता एक संदर्भग्रंथ एका वेळी एकाच वाचकाला मिळावा, तसा हा प्रकार.

ॲमस्टरडॅमच्या फ्राये विद्यापीठातले डिक ग्रून आपल्या दोन विद्यार्थ्यांसह एका कंपायलरवर काम करत होते. एक विद्यार्थी नऊ ते पाच नियमित बसणारा, दुसऱ्याच्या वेळा अनिश्चित आणि ग्रून यांना फक्त संध्याकाळी सवड. कुलपाच्या पद्धतीत तिघांचे जमणे शक्य नव्हते. म्हणून ग्रून यांनी कुलूपच काढून टाकले : सगळ्यांनी एकाच वेळी लिहावे, आणि आपला बदल मध्यवर्ती ठिकाणी ठेवताना इतरांच्या बदलांशी जुळवून घ्यावे. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेली ही प्रणाली म्हणजे ‘सीव्हीएस’. तीन माणसांच्या न जुळणाऱ्या वेळांतून निघालेली ही पद्धत पुढे जगभर वापरली गेली.

सीव्हीएसमध्ये एक मध्यवर्ती वही होती. सगळा इतिहास तिच्यात. इतरांकडे फक्त ताजी प्रत. वहीत लिहिण्याची परवानगी काहींनाच. वही ज्या संगणकावर आहे तो बंद पडला, की नोंदी थांबल्या. ‘वितरित’ पद्धतीने ही रचना उलटी केली. तिच्यात प्रत्येकाकडे संपूर्ण वही असते, पहिल्या ओळीपासूनच्या सगळ्या इतिहासासह. कोणीही आपल्या प्रतीत, इंटरनेट नसतानाही, नोंदी करू शकतो. पुढे हव्या त्या दोन प्रतींची आपसात देवाणघेवाण होऊ शकते. यंत्राच्या दृष्टीने सगळ्या प्रती सारख्याच. कोणतीही एक ‘मूळ’ असे यंत्र मानत नाही.

पाठभेद आणि वंशावळ

साहित्याच्या अभ्यासकांना हा प्रश्न अनोळखी नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा हजाराहून अधिक हस्तलिखिते तपासावी लागली. त्यांतले पाठभेद ताडून कोणती पोथी कोणत्या परंपरेतली, कोणता श्लोक मागाहून शिरलेला, हे ठरवायचे होते. नक्कल करणाऱ्याने आपण कोणत्या पोथीवरून नक्कल केली आणि कोणता शब्द का बदलला, हे बहुधा लिहून ठेवलेले नसते. त्यामुळे पोथ्यांची वंशावळ अभ्यासकाला अनुमानाने बांधावी लागते.

गिटमध्ये ही वंशावळ जन्मतःच लिहिली जाते. प्रत्येक नोंदीबरोबर तो बदल कोणी केला, केव्हा केला, का केला आणि तो आधीच्या कोणत्या नोंदीवर आधारलेला आहे, हे साठवले जाते. या सगळ्यावरून गणिताने चाळीस अक्षरांचा एक ठसा तयार होतो. तोच त्या नोंदीचा क्रमांक. पुढच्या नोंदीच्या ठशात मागच्या नोंदीचा ठसा मिसळलेला असतो. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या नोंदीत कोणी गुपचूप एक अक्षर बदलले, तर तिचा ठसा बदलतो आणि तिच्यानंतरच्या प्रत्येक नोंदीचाही. ज्यांच्याकडे जुनी प्रत आहे त्यांना हा फरक लगेच दिसतो.

दोन प्रती एकत्र करतानाही या वंशावळीचा उपयोग होतो. गिट दोन्ही प्रतींचा अलीकडचा समान पूर्वज शोधते आणि तिन्ही मजकूर शेजारी ठेवते. एखादी ओळ एकाच बाजूने बदलली असेल तर तो बदल घेते. दोन्ही बाजूंनी वेगवेगळी बदलली असेल तर थांबते आणि माणसाला विचारते. मात्र यंत्राला फक्त ओळी दिसतात. स्मरणिकेत एकाने प्रकरणांचा क्रम बदलला आणि दुसऱ्याने भलत्याच पानावर ‘मागील प्रकरणात म्हटल्याप्रमाणे’ असे लिहिले, तर ओळींचा झगडा होणार नाही. यंत्र दोन्ही बदल मुकाट्याने जुळवील, आणि अर्थ मात्र बिघडलेला असेल. म्हणून शेवटी वाचणारा माणूस लागतोच. तो कोण, हे ठरवणे म्हणजेच कामाची रीत ठरवणे.

एप्रिल २००५

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकी येथे विद्यार्थी असताना ‘लिनक्स’ सुरू केले. संगणकाचे यंत्र आणि त्यावर चालणारे कार्यक्रम यांच्या मधला हा गाभा, म्हणजे ‘कर्नल’. अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनमध्ये आज तोच आहे. सुरुवातीची दहा-अकरा वर्षे जगभरचे लोक आपल्या दुरुस्त्या, म्हणजे ‘पॅच’, ईमेलने पाठवत आणि टोरवाल्ड्स त्या एकहाती गाभ्यात घालत. पॅच वाढले तसे ते त्यांच्याकडून सुटू लागले. लोक तोच पॅच पुन्हा पुन्हा पाठवत आणि चिडत. १९९८ मध्ये हा असंतोष उघडपणे बाहेर आला. दोष कोणाच्या आळसाचा नव्हता. सगळ्या वाटा एकाच माणसापाशी येत होत्या आणि त्याचा दिवस चोवीस तासांचाच होता.

२००२ मध्ये त्यांनी लॅरी मॅकव्हॉय यांच्या कंपनीची ‘बिटकीपर’ ही वितरित प्रणाली स्वीकारली. ती मालकीहक्काची होती, पण मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना काही अटींवर फुकट मिळत होती. मुक्त सॉफ्टवेअरच्या पुरस्कर्त्यांनी तेव्हाच आक्षेप घेतला होता. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातले अँड्र्यू ट्रिजेल यांनी बिटकीपरशी बोलू शकेल असे स्वतंत्र साधन लिहायला घेतले. त्यावरून वाद झाला आणि कंपनीने फुकट आवृत्ती काढून घेतली.

टोरवाल्ड्स यांनी ३ एप्रिल २००५ रोजी स्वतःच नवे साधन लिहायला घेतले. ७ एप्रिलला ते साधन स्वतःचाच इतिहास स्वतःत साठवू लागले होते. त्यांची एक मुख्य कसोटी वेगाची होती. एक पॅच लावायला तीस सेकंद लागत असतील आणि एका बैठकीत अडीचशे पॅच लावायचे असतील, तर दोन तास नुसते बघत बसण्यात जातील. म्हणून एका पॅचला तीन सेकंदांपेक्षा अधिक लागू नयेत. जूनमध्ये कर्नलची २.६.१२ ही आवृत्ती गिटवर सांभाळून बाहेर पडली. जुलैअखेरीस त्यांनी गिटची सूत्रे जुनिओ हमानो यांच्याकडे सोपवली. चार महिन्यांच्या आत जन्मदाता बाजूला झाला आणि काम पुढे चालू राहिले.

विश्वासाची उतरंड

लिनक्सची कामाची रीत उतरंडीची आहे. वाय-फायच्या एखाद्या चिपसाठीची दुरुस्ती थेट टोरवाल्ड्स यांच्याकडे जात नाही. आधी ती त्या भागाच्या राखणदाराकडे, म्हणजे ‘मेंटेनर’कडे जाते. तो ती वाचतो, परत पाठवतो, पुन्हा वाचतो आणि पटली तर आपल्या प्रतीत घेतो. त्याची प्रत बिनतारी जाळ्यांच्या मेंटेनरच्या प्रतीत जाते, ती एकूण नेटवर्किंगच्या प्रतीत, आणि तिथून टोरवाल्ड्स यांच्या प्रतीत. गूगलमध्ये २००७ साली दिलेल्या व्याख्यानात त्यांनी याचे मर्म सांगितले होते : मी मोजक्या काही जणांवर विश्वास ठेवतो, ते त्यांच्या ओळखीच्या मोजक्यांवर. हजार माणसांना ओळखणे कोणालाच शक्य नसते, पण अशा साखळीने हजारांचे काम एकत्र येते.

टोरवाल्ड्स यांची प्रत ‘मूळ’ आहे ती तांत्रिक कारणाने नाही. सगळ्यांनी तशी मानली म्हणून ती मूळ. उद्या लोकांनी दुसऱ्या कोणाची प्रत मूळ मानायचे ठरवले, तर यंत्र आड येणार नाही.

या साखळीत दोन गोष्टी जपल्या जातात. पहिली, जबाबदारी. २००३ मध्ये एससीओ या कंपनीने, आपल्या मालकीचा मजकूर लिनक्समध्ये घातल्याचा आरोप करून, आयबीएमवर दावा लावला. त्यानंतर २००४ पासून नियम आला की पॅच ज्याच्या ज्याच्या हातून पुढे जाईल, त्याने त्याखाली आपले नाव लिहायचे. हा मजकूर देण्याचा मला अधिकार आहे, अशी ती ग्वाही असते. दुसरी गोष्ट, वेळापत्रक. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते. त्यांतले पहिले दोन आठवडे नवे काम घेण्याचे. त्यानंतर फक्त दुरुस्त्या. एखादे काम या खेपेला राहिले तर दोन महिन्यांनी पुढची गाडी आहेच. त्यामुळे अर्धवट काम रेटण्याची घाई कमी होते.

या रीतीची कसोटी २०१८ मध्ये लागली. टोरवाल्ड्स यांच्या तिखट, अपमानकारक भाषेबद्दल तक्रारी होत्या. त्यांनी त्याबद्दल माफी मागितली आणि काही काळ बाजूला झाले. त्या ऑक्टोबरमध्ये ४.१९ ही आवृत्ती ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी प्रसिद्ध केली. शिखरावरचा माणूस काही आठवडे नव्हता तरी खालची साखळी जागच्या जागी होती. त्याच्या भाषेचा त्रास मात्र वर्षानुवर्षे खालच्यांनी सोसला होता, आणि एका माणसाच्या स्वभावावर इतके अवलंबून राहणे ही या रीतीची किंमत आहे.

एकच साधन, निराळी घरे

‘पोस्टग्रेस’ या डेटाबेसचा प्रकल्प सप्टेंबर २०१० मध्ये सीव्हीएसवरून गिटवर आला. साधन लिनक्सचेच, पण रीत त्यांनी घेतली नाही. तिथे एक शिखरपुरुष नाही. सुमारे तीस जणांना मुख्य प्रतीत नोंद करण्याचा अधिकार आहे. बाकीच्यांनी पॅच सर्वांसमोर चर्चेला ठेवायचे. वर्षातून ठरावीक वेळा ‘कमिटफेस्ट’ भरतो. त्या महिन्यात साचलेल्या पॅचचे परीक्षण होते, आणि ज्याने आपला पॅच दिला त्याने दुसऱ्या कोणाचा तरी पॅच तपासावा अशी अपेक्षा असते. तपासणी हे सर्वांत कंटाळवाणे काम, आणि ते सगळ्यांत वाटून घेण्याची ही सोय आहे.

इतिहास कसा लिहायचा, यातही दोन घरे वेगळी आहेत. लिनक्सच्या इतिहासात शाखा फुटतात आणि मिळतात त्या तशाच दिसतात. कोणते काम कोणाच्या प्रतीतून आले ते कळते, पण आलेख वडाच्या पारंब्यांसारखा गुंतागुंतीचा होतो. पोस्टग्रेसमध्ये खटाटोप, चुका, उलटसुलट प्रयत्न चर्चेत राहतात. मुख्य प्रतीत एकामागे एक अशा स्वच्छ नोंदी येतात. एक रीत दैनंदिनीची, दुसरी पक्क्या खर्ड्याची. पंधरा वर्षांनी दोष शोधणाऱ्याला कोणती उपयोगी पडेल, हा विचार करून निवड करावी.

तिसरे घर ‘एसक्यूलाइट’चे. जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये हा छोटा डेटाबेस असतो. रिचर्ड हिप आणि त्यांचे मोजके सहकारी तो लिहितात. मजकूर सर्वांना खुला आहे, पण लिहिण्याचे दार मात्र बंद आहे : कायदेशीर प्रतिज्ञापत्र दिल्याशिवाय कोणाचा मजकूर घेतला जात नाही. ते गिटही वापरत नाहीत. हिप यांनी ‘फॉसिल’ नावाचे आपले साधन लिहिले. तेही वितरित आहे, पण कोणी नोंद केली की ती आपोआप मध्यवर्ती प्रतीत जाते. सहकाऱ्यांनी दिवसेंदिवस एकेकटे काम करून मग अचानक गठ्ठा आणू नये, हा त्यामागचा हेतू. दार बंद ठेवल्याची भरपाई त्यांनी चाचण्यांतून केली आहे. मूळ मजकुराच्या पाचशेहून अधिक पट मजकूर केवळ त्याच्या चाचण्यांचा आहे.

तिन्ही प्रकल्प यशस्वी आहेत आणि तिघांनी ‘मूळ प्रत कोणाची’ याचे उत्तर निराळे दिले आहे. लिनक्सला हजारो अनोळखी माणसांचे काम हवे आहे, पोस्टग्रेसला जुन्या जाणत्यांची सहमती हवी आहे, आणि एसक्यूलाइटला थोड्या माणसांची एकाग्रता.

उघडे दार

२००८ मध्ये ‘गिटहब’ सुरू झाले आणि चौथी रीत रूढ झाली. कोणत्याही प्रकल्पाची आपली प्रत काढायची, म्हणजे ‘फोर्क’ करायचा. तिच्यात हवा तो बदल करायचा. मग मूळ प्रकल्पाला विनंती करायची, की माझा बदल घ्या. हीच ‘पुल रिक्वेस्ट’. ओळख, पूर्वपरवानगी काही लागत नाही. एखाद्या विद्यार्थ्याला जगातल्या कोणत्याही प्रकल्पात शुद्धलेखनाची चूकही दुरुस्त करून पाठवता येते. असंख्य नवखे लोक याच दारातून आत आले, हे या रीतीचे मोठे श्रेय आहे.

पण विनंती करणे जितके सोपे होते, तितके ती वाचणे सोपे होत नाही. ‘हॅकटोबरफेस्ट’ नावाचा उपक्रम दर ऑक्टोबरात भरतो. चार पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्यांना टी-शर्ट भेट, अशी तेव्हा योजना होती. २०२० मध्ये टी-शर्टसाठी लोकांनी ‘छान’, ‘अप्रतिम’ असे शब्द घातलेल्या निरर्थक विनंत्यांचा इतका पाऊस पाडला, की काही दिवसांतच आयोजकांना नियम बदलावा लागला : ज्या प्रकल्पांनी आपणहून सहभाग कळवला आहे, त्यांच्यापुरतीच योजना. पाठवणाऱ्याचा त्यात एक मिनिट जात होता. प्रत्येक विनंती उघडून नाकारणाऱ्याचा अख्खा रविवार जात होता, आणि तो बहुधा बिनपगारी होता.

शाखा किती दिवस ठेवावी?

एका कार्यालयातल्या चमूचा प्रश्न थोडा निराळा असतो. तिथे माणसे ओळखीची असतात. वाद असतो तो शाखांचा. २०१० मध्ये नेदरलँड्समधील व्हिन्सेंट ड्रीसेन यांनी एक आराखडा मांडला, तो ‘गिट-फ्लो’ म्हणून प्रसिद्ध झाला. त्यात दोन कायमच्या शाखा : एक प्रसिद्ध झालेल्या मजकुराची, दुसरी चालू कामाची. शिवाय प्रत्येक नव्या सोयीसाठी एक, प्रकाशनपूर्व तयारीसाठी एक आणि तातडीच्या दुरुस्तीसाठी एक. आराखडा सुबक होता. अनेक कंपन्यांनी तो जसाच्या तसा उचलला.

दहा वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, ड्रीसेन यांनीच त्यावर टीप जोडली. ज्यांचे सॉफ्टवेअर वेबवर आहे आणि दिवसातून अनेकदा अद्ययावत होते, त्यांनी सोपी रीत घ्यावी. एकाच वेळी अनेक आवृत्त्या ग्राहकांकडे चालू असतील, तर हा आराखडा अजून उपयोगी ठरू शकतो. आपल्याच गाजलेल्या कल्पनेवर असे लिहिणे दुर्मीळच. त्यातला मुद्दा साधा आहे. शाखा जितके दिवस वेगळी राहते, तितकी ती मूळ प्रवाहापासून दूर जाते आणि जुळवणी अवघड होते. दोन भावांनी दोन दिवसांचा हिशोब ताडून पाहणे आणि दोन वर्षांचा पाहणे, यांत जो फरक, तोच इथे. म्हणून बऱ्याच चमूंमध्ये आता शाखा एक-दोन दिवसांत मुख्य प्रवाहात मिळवण्याची शिस्त असते. मात्र तिला आपोआप चालणाऱ्या भक्कम चाचण्यांचा आधार लागतो. चाचण्या नसताना ही शिस्त घेतली, तर मुख्य प्रतच रोज मोडकी राहते.

अर्ध्या सेकंदाचा उशीर

या निवडीत खरोखर काय पणाला लागते, हे २९ मार्च २०२४ रोजी जगाला कळले. अँड्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेसच्या मुख्य प्रतीत नोंदीचा अधिकार असलेल्यांपैकी एक. काही मोजमापे घेत असताना त्यांना दिसले, की दूरच्या संगणकावर प्रवेश करण्याच्या ‘एसएसएच’ या साधनाला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. त्यांनी माग काढला आणि तो ‘एक्सझेड’ या प्रकल्पापाशी पोहोचला. फाइली दाबून लहान करण्याचे हे साधन लिनक्सच्या बहुतेक संचांत असते. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदार ठेवलेले होते. ज्याच्याकडे विशिष्ट किल्ली आहे, त्याला या दाराने संगणकांत शिरता आले असते. सुदैवाने या आवृत्त्या मोठ्या संचांच्या प्रायोगिक प्रतींपर्यंतच पोहोचल्या होत्या.

हे घडले कसे? प्रकल्प वर्षानुवर्षे एकच माणूस, आपल्या फावल्या वेळात, बिनमोबदला सांभाळत होता. २०२१ च्या अखेरीपासून ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी उपयुक्त दुरुस्त्या पाठवू लागले. २०२२ मध्ये इतर काही अनोळखी नावांनी तक्रारी सुरू झाल्या : काम फार संथ चालले आहे, नवा मेंटेनर घ्या. मूळ मेंटेनरने आपल्या मानसिक आरोग्याच्या अडचणी मोकळेपणाने सांगितल्या, हा छंद म्हणून केलेला प्रकल्प आहे याची आठवण दिली, तरी दबाव चालूच राहिला. शेवटी मदत करणाऱ्या त्या नावाला अधिकार मिळाले. ‘जिया टॅन’ या नावामागे कोण होते, हे उघड झालेले नाही.

तांत्रिक बाजू इथे बोलकी आहे. चोरदाराचा मुख्य भाग चाचणीच्या फाइलींमध्ये, नुसत्या वाचून न कळणाऱ्या स्वरूपात, लपवलेला होता. तो जागा करणारी ओळ मात्र गिटच्या इतिहासात नव्हतीच. ती फक्त प्रकाशनासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात घातली होती. म्हणजे ठशांची साखळी शाबूत होती आणि फसवणूक साखळीबाहेरच्या शेवटच्या पायरीवर झाली. संपूर्ण इतिहासाची प्रत ज्याला हवी त्याला घेता येत होती, पण गठ्ठा आणि इतिहास ताडून पाहणारा दुसरा माणूस रीतीत कुठेच नेमलेला नव्हता. लिनक्समधली एक दुरुस्ती तीन-चार नजरांखालून जाते. इथे एकच थकलेली नजर होती, आणि तिला विश्रांती देण्याच्या मिषानेच घात झाला.

निवडताना

या सगळ्यातून कोणा एका रीतीचा जयजयकार निघत नाही. काही प्रश्न मात्र निघतात, आणि ते रीत ठरवण्याआधी विचारलेले बरे.

माणसे किती आणि एकमेकांना ओळखतात का? तीन-चार ओळखीची माणसे असतील तर एक मध्यवर्ती प्रत, छोट्या शाखा आणि एकमेकांचे काम वाचणे एवढे पुरते. उतरंडीचा थाट तिथे निव्वळ विलंब आणतो. अनोळखी लोकांकडून काम यायचे असेल, तर लिहिणारा आणि स्वीकारणारा वेगळा हवा. स्वीकारणाऱ्यांची संख्या अपुरी पडू लागली की कामाचे विभाग पाडून उतरंड उभारावी, त्याआधी नको.

एका वेळी किती आवृत्त्या जिवंत आहेत? एकच असेल तर कायमच्या अनेक शाखा कशाला? पाच असतील, आणि त्यांतली एखादी रुग्णालयातल्या यंत्रात चालत असेल, तर प्रत्येकीला आपली शाखा आणि आपला राखणदार हवा.

चूक झाली तर काय होईल? संकेतस्थळावरचा चुकीचा शब्द दहा मिनिटांत बदलता येतो. कोट्यवधी फोनांत गेलेली चूक तशी परत बोलावता येत नाही. त्या प्रमाणात नजरा वाढवाव्यात.

नाही कोण म्हणणार, आणि त्याचा वेळ कोण भरून देणार? हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. रीतीचे आराखडे काढताना आपण बाण काढतो : इथून दुरुस्ती येते, तिथे जाते. बाण जिथे पोहोचतो तिथे एक माणूस बसलेला असतो आणि आलेली प्रत्येक गोष्ट त्याला वाचायची असते, हे आराखड्यात दिसत नाही. पोस्टग्रेसने ते काम वाटून घेतले, लिनक्सने थर बसवले, एसक्यूलाइटने दार लोटून घेतले. एक्सझेडमध्ये यांतले काहीच नव्हते, आणि त्याला कारण त्या एका माणसाचा निष्काळजीपणा नव्हे. त्याच्या कामावर उभ्या असलेल्या कंपन्यांपैकी कोणालाही त्याच्या शेजारी दुसरी खुर्ची मांडावी असे वाटले नाही.

म्हणून नवा प्रकल्प सुरू करणाऱ्यांनी रीत एका पानावर लिहून ठेवावी : मूळ प्रत कोणती, तिच्यात भर कोण घालणार, त्याचे काम कोण तपासणार, तो आजारी पडला तर कोण बसणार आणि प्रकाशनाचा गठ्ठा इतिहासाशी कोण ताडून पाहणार. वर्षातून एकदा ते पान काढून वाचावे. एकाहून अधिक प्रश्नांपुढे एकच नाव लिहिलेले दिसले, तर साधन बदलण्याआधी माणूस शोधायला निघावे.